ल्यूबेकची गाइड होताना

उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये सहा वर्षं राहूनही पाहुण्यांना दाखवायला माझ्याकडे तीनच जागा होत्या: दोन टोकदार मनोऱ्यांचा होल्स्टेनटोअर दरवाजा, मार्झिपान या बदामाच्या मिठाईचं दुकान आणि नदीकाठचा एक बाक. सातव्या वर्षी पुण्याहून मावसबहीण आली. दरवाज्यासमोर फोटो काढून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, हे एवढं मोठं व्यापारी शहर इथेच का वसलं गं? समुद्र तर कुठे दिसत नाही." मला काही सांगता आलं नाही. रोज त्याच दरवाज्यावरून कामाला जाणाऱ्या बाईला एवढंही ठाऊक नसावं, हे मला फार लागलं. महिनाभरात मी शहराच्या गाइडसाठी असलेल्या अभ्यासक्रमाला नाव घातलं.

ऑक्टोबर ते एप्रिल, दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग, शनिवारी सकाळी पायपीट. शेवटी लेखी पेपर आणि मग प्रत्यक्ष परीक्षा, म्हणजे परीक्षकांना माणसांच्या घोळक्यासारखं समोर उभं करून शहर दाखवायचं. आम्ही अकरा जण होतो. बाकी दहा जण इथेच जन्मलेले, त्यातले अर्धे निवृत्त. मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझं जर्मन सगळं नमुन्यांचं आणि अहवालांचं. इतिहासाचं जर्मन निराळंच निघालं. पहिले दोन महिने मी रोज रात्री शब्दांची वही भरत होते.

पहिल्या शनिवारी शिक्षकांनी आम्हाला ट्राव नदीच्या काठावर, मेंगस्ट्रासे या रस्त्याच्या तोंडाशी उभं केलं. सगळ्यांचे फोन पिशवीत ठेवायला लावले. म्हणाले, सरळ वर चालत जा, चढ कुठे संपतो ते पायांना विचारा, मग पलीकडे पुन्हा पाणी लागेपर्यंत उतरा. बस, एवढाच धडा. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले होते आणि तो चढाचा आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. चढ संपला तो बरोबर मारिएनकिर्शं या चर्चच्या आणि बाजारचौकाच्या पुढ्यात. तिथून पुढे उतार लागला आणि पंधरा-वीस मिनिटांत समोर पुन्हा पाणी.

शिक्षकांनी मग कागदावर एक लांबट गोल काढला. जुनं शहर म्हणजे कासवाची पाठ. उत्तर-दक्षिण साधारण दोन किलोमीटर, पूर्व-पश्चिम एक. पश्चिमेला ट्राव, पूर्वेला वाकेनिट्स. मधल्या कण्यावरून दोन लांब रस्ते समांतर जातात, आणि त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारखे आडवे रस्ते पाण्याकडे उतरतात. जमिनीनं आत यायची वाट एकच होती, उत्तरेची चिंचोळी मान. म्हणून किल्ला तिथे, आणि आजही उभा असलेला बुर्गटोअर दरवाजा तिथेच. १९०० साली एल्बे-ल्यूबेक कालवा खुला झाला, तेव्हा ती मानही कापली गेली आणि शहर पूर्ण बेट झालं.

हा एक कागद हाती आल्यावर पुढच्या सगळ्या सनावळ्या आपोआप जागेवर बसत गेल्या. खाली ट्रावच्या तोंडाकडे स्लाव लोकांचं लिउबित्स नावाचं गाव होतं, ते ११३८ मध्ये उद्ध्वस्त झालं. ११४३ मध्ये होल्स्टाइनचा सरदार आडोल्फ दुसरा यानं नाव तेच ठेवून वस्ती या टेकाडावर आणली. ती जळाली. ११५९ मध्ये हेन्री द लायन या ड्यूकनं ती पुन्हा वसवली. १२२६ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा यानं सनद दिली. ल्यूबेक कुणा सरदाराच्या ताब्यात न राहता थेट साम्राज्याच्या अखत्यारीत आलं, म्हणजे व्यवहारात आपलं आपण. हे स्वातंत्र्य, मधला फ्रेंचांचा थोडा काळ सोडला तर, १९३७ पर्यंत टिकलं. सनद लिहिणारा हात सम्राटाचा असेल, पण ती मागण्याची ताकद शहराला या टेकाडानं आणि दोन नद्यांनी दिली, असं मला वाटतं.

मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर नकाशा जरा लांब धरला की दिसतं. समुद्र इथून सुमारे वीस किलोमीटर. गलबतं नदीनं आत येणार, वादळापासून आणि चाच्यांपासून लांब. आपल्याकडची जुनी बंदरं खाडीत आत का असायची, तेच कारण. पण खरी गंमत पश्चिमेला आहे. बाल्टिक समुद्रातून उत्तर समुद्रात जायचं तर डेन्मार्कला अख्खा वळसा, आणि ते टोक जहाजांना धोक्याचं. उलट ल्यूबेकहून हॅम्बुर्ग जमिनीनं साठ-पासष्ट किलोमीटर. माल इथे उतरवायचा, गाड्यांनी तिकडे न्यायचा आणि एल्बे नदीतून पुढे पाठवायचा. १२४१ मध्ये दोन्ही शहरांनी या वाटेच्या रक्षणाचा करार केला. हान्झा म्हणून जो व्यापारी शहरांचा संघ पुढे उत्तर युरोपभर पसरला, त्याचा पाया घालणाऱ्या करारांत याची गणना होते.

त्या हिवाळ्यात माझ्या वहीत एक शब्द वारंवार यायचा, 'कोन्टोअर'. जर्मन विद्यार्थ्यांना तो समजावून सांगावा लागत होता. मी मात्र वहीत एकच शब्द लिहिला: वखार. राजापूरची, सुरतेची इंग्रजांची वखार आपण शाळेपासून ऐकतो, तीच ही चीज, फक्त चारशे वर्षं आधीची. लंडन, ब्रूज, नॉर्वेतलं बर्गन आणि रशियातलं नोव्हगोरोद अशा चार ठिकाणी हान्झाच्या मोठ्या वखारी होत्या. फर आणि मेण नोव्हगोरोदहून, सुकवलेला कॉड मासा बर्गनहून, लोकर लंडनहून, कापड ब्रूजहून. हान्झाच्या सगळ्या शहरांची पहिली सर्वसाधारण बैठक १३५६ मध्ये ल्यूबेकच्या नगरभवनात भरली, आणि शेवटची १६६९ मध्ये, तीही इथेच. ल्यूबेकचा कायदा शंभरेक शहरांनी घेतला होता. तिकडे निवाडा पटला नाही की दाद मागायला लोक ल्यूबेकच्या नगरसभेकडे यायचे.

मला या सगळ्यात जवळचा वाटला तो योहान विटेनबोर्ग. व्यापारी, आणि शहराचा महापौर. त्याची १३४६ ते १३५९ या काळातली चोपडी आजही अभिलेखागारात आहे. एका मंगळवारी तिच्या काही पानांच्या छायाप्रती आम्हाला वाचायला दिल्या. मजकूर लॅटिन, म्हणून शेजारी भाषांतर. पण पानाकडे बघूनच ते काय आहे हे मला कळलं. कुणाला काय दिलं, कुणाकडून येणं आहे, कोण साक्षीला होता. हिशेब पुरा झाला की त्या नोंदीवर आडवी रेघ. माझे आजोबा मिठाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते, येणं वसूल झालं की तेही अशीच रेघ मारायचे. कापड, धान्य, फर, सगळं बारीक अक्षरात. १३६२ मध्ये डेन्मार्कच्या वाल्डेमार राजाविरुद्ध हाच माणूस आरमार घेऊन गेला आणि हेलसिंगबोर्गला हरला. पुढच्या वर्षी त्याच्याच शहरानं भर बाजारचौकात त्याचं डोकं उडवलं. त्या दिवसानंतर चौकातून भाजी घेऊन जाताना मी एकदा तरी थांबते.

विटा हा आणखी एक धडा. शिक्षकांनी जुन्या बांधकामातली एक वीट प्रत्येकाच्या हातात दिली. आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी, एका हातात धरवत नाही. एका कडेला मातीत बोट रुतल्यासारखा खळगा होता. तो कुणाच्या बोटाचा की गवताच्या काडीचा, यावर आमच्यात चांगला वाद झाला. या सपाट प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. हिमयुगातल्या बर्फानं मागे ठेवली ती चिकणमाती आणि थोडे सुटे धोंडे. आधी घरं लाकडीच होती. १२५१ आणि १२७६ च्या मोठ्या आगींनंतर शहर विटेकडे वळलं. मारिएनकिर्शंचं आतलं छत साडेअडतीस मीटर उंच आहे, विटेची इतकी उंच कमान जगात दुसरी नाही. ते चर्च बिशपचं नव्हे, नगरसभेचं, म्हणजे व्यापाऱ्यांचं. बिशपचं कॅथीड्रल दक्षिण टोकाला. हे दोन पत्ते पाहिले की शहरात कोणाचं चालायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

व्यापाऱ्याचं घरही तसंच बोलतं. रस्त्याकडे पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं तोंड, आत शिरल्यावर दोन मजले उंचीची ओसरी, जिथे माल उतरायचा आणि सौदे व्हायचे. वर माळ्यावर माळे, सगळे मालाचे. माल वर चढवायला अगदी शेंड्याला मोठा रहाट. माणसं राहायची ती उरलेल्या जागेत.

आणि माणसं वाढली की परसात. हा भाग मला सगळ्यात मनापासून आवडतो. मोठ्या घरांच्या पुढच्या भिंतीत मध्येच एक बुटकं दार दिसतं. वाकून आत गेलं की अंधारा बोळ, आणि बोळ संपला की उन्हात एक-एक खोलीच्या घरांची रांग, दारात गुलाब. हमाल, नावाडी, रोजंदारीवरचे लोक इथे राहायचे. अशा सुमारे नव्वद वाटा आजही आहेत. बोळाची रुंदी निदान शवपेटी बाहेर काढता येईल एवढी असावी, असा दंडक होता म्हणतात. ऐपतदारांनी दानधर्मातून बांधलेले चौक वेगळे. ग्लोकनगीसर स्ट्रासेवरचा १६३९ चा फ्युख्टिंग्सहोफ व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या विधवांसाठी होता. बोळांत आजही लोक राहतात, त्यामुळे आवाज खाली, खिडकीत डोकावायचं नाही, हे आम्हाला तारखांच्या आधी शिकवलं.

मारिएनकिर्शंमध्ये मात्र शिक्षक फार बोललेच नाहीत. दक्षिण मनोऱ्याखाली दोन घंटा फरशीवर पडलेल्या आहेत, फुटलेल्या, अर्ध्या वितळून जमिनीला चिकटलेल्या. २८ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी जुन्या शहरावर बॉम्ब टाकले, त्यात मनोरा पेटला आणि त्या खाली आल्या. जिथे पडल्या तिथेच ठेवल्या आहेत. शेजारी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. १९४० मध्ये जर्मन विमानांनी जाळलेल्या तिथल्या चर्चच्या खिळ्यांचा. शिक्षक म्हणाले, "इथे दोन्ही शहरांची नावं घ्यायची. एकच घ्यायचं नाही." आणि मग लोकांना मिनिटभर गप्प उभं राहू द्यायचं. पुढे मी हे तंतोतंत पाळलं आहे.

एप्रिलमध्ये लेखी पेपर चांगला गेला. प्रत्यक्ष परीक्षेत मी नापास झाले.

चिठ्ठी उचलून तीन जागा मिळाल्या. तिन्ही मला पाठ होत्या, आणि तेच नडलं. एंगेल्सग्रूब या रस्त्याचा एंजेलशी, म्हणजे देवदूताशी, संबंध नाही, नाव इंग्लंडवरून आलंय, तिथून इंग्लंडकडे जाणारी जहाजं लागायची, हेसुद्धा मी सन-सनावळीसकट सांगितलं. चुकलं काहीच नाही. पण परीक्षक बाई शेवटी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला शहराबद्दल सांगितलंत. शहर दाखवलं नाहीत. तुमचं म्हणून यात काय आहे, ते शोधून या." पुन्हा परीक्षा जूनमध्ये. घरी येऊन मी रडले. दोन दिवसांनी रडू ओसरलं आणि 'तुमचं म्हणून काय' एवढंच उरलं.

माझं माहेर पेणजवळचं, खाडीकाठचं. घराच्या मागल्या दारी उभं राहिलं की मिठागरं दिसायची. आणि ल्यूबेक उभं राहिलं ते कशावर? मिठावर. हे मी अभ्यासक्रमात चार वेळा ऐकलं होतं, पण माझ्या मिठाला आणि त्या मिठाला एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोनच्या किनाऱ्यावर, उन्हाळा सरता सरता हेरिंगचे थवे यायचे. आपल्या तारलीच्या कुळातला मासा, तेलकट. दिवसभरात खारवला नाही तर गेला. उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, त्यामुळे सगळ्या ख्रिस्ती युरोपला मासळी हवी. मासळी अफाट, पण मीठ नाही. का नाही, हे मिठागराकाठच्या पोरीला चटकन कळतं. बाल्टिकमध्ये नद्यांचं गोडं पाणी इतकं की ते धड खारं नाही, आणि पाणी आटवायला ऊन लागतं, ते तिथे कुठलं! चार-पाच पिंपं माशाला साधारण एक पिंप मीठ लागायचं. ते जमिनीखाली सापडलं, दक्षिणेला ल्यूनेबुर्गमध्ये. तिथल्या विहिरींतलं खारं पाणी शिशाच्या कढयांत दिवसरात्र उकळून मीठ काढायचे. तो कारखाना थेट १९८० मध्ये बंद झाला. ल्यूनेबुर्गचं मीठ आणि स्कोनची मासळी, या दोहोंच्या मधोमध ल्यूबेक.

मे महिन्यात मी दोन दिवसांची रजा काढली आणि एल्बेकाठच्या लाउएनबुर्गहून सायकलनं ल्यूबेकला आले, कालव्याच्या कडेकडेनं. आजचा कालवा १९०० चा, पण त्याच वाटेवर त्याआधी स्टेक्निट्स कालवा होता. १३९२ च्या सुमाराला खोदाई सुरू झाली आणि २२ जुलै १३९८ रोजी मिठानं भरलेल्या पहिल्या होड्या ल्यूबेकला लागल्या. दोन खोऱ्यांमधला जलविभाजक ओलांडणारा युरोपातला हा पहिला कालवा. उंचवट्यावरून होडी न्यायची कशी? फळ्या लावून पाणी अडवायचं, पुरेसं साठलं की फळ्या काढायच्या आणि त्या लोंढ्यावर होड्या पुढे सोडायच्या. मग पुन्हा पाणी साठेपर्यंत थांबायचं, कधी कधी दोन-दोन दिवस. चढाला दोर लावून माणसं ओढायची. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासाला आठवडे लागायचे. लाउएनबुर्गला पाल्मश्लॉइझ या जुन्या जलद्वाराचा दगडी हौद अजून आहे. त्याच्या काठावर बसून मी डबा खाल्ला. आत शेवाळ, एक बदक, आणि दगडांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. म्योल्न या गावाच्या अलीकडे पावसानं गाठलं. कालव्याकाठी झाडाखाली थांबले होते तेव्हा एका जागी थांबून राहिलेले ते होडीवाले माझ्या डोळ्यांसमोर आले, पाणी चढायची वाट बघत, मीठ भिजू नये म्हणून धास्तावलेले. मीठ भिजण्याची धास्ती मी लहानपणी मेअखेरीस रोज पाहिली आहे. ढग दिसला की अख्खं गाव मिठागरात.

जूनच्या परीक्षेत तीनातली एक चिठ्ठी निघाली साल्झश्पायखर, होल्स्टेनटोअरशेजारची मिठाची सहा कोठारं. १५७९ ते १७४५ या काळात बांधलेली, ट्रावच्या पाण्यात पाय सोडून बसलेली. मी कागद पिशवीत ठेवला आणि मिठागरापासून सुरुवात केली. खाजणात पाणी कसं घेतात, ते कसं फिरवत नेतात, कडेला पहिली साय कशी धरते. मग विचारलं, "आता सांगा, बाल्टिककाठी हे का जमणार नाही?" परीक्षकच उत्तरं शोधायला लागले. कोठारांवरून दरवाज्यावर आले. १४७८ मध्ये पुरा झालेला होल्स्टेनटोअर दलदलीवर उभा असल्यानं कसा खचलाय, बाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड आणि शहराकडची मीटरभरही नाही, हे हातानं दाखवलं. १८६३ मध्ये तो पाडायचा की ठेवायचा यावर मतदान झालं आणि एका मतानं तो वाचला, हे सांगताना माझाच आवाज जड झाला. बाहेरच्या बाजूला लॅटिनमध्ये लिहिलंय: घरात एकोपा, बाहेर शांतता.

मी पास झाले. बिल्ला लहानसाच आहे, पण तो लावताना मी आजही दोनदा सरळ करते.

सप्टेंबरमध्ये आई आली. त्याच सुमाराला हॅम्बुर्गमधली बारा-पंधरा मराठी मंडळी ल्यूबेक बघायला येणार होती, म्हणून पहिल्यांदाच पूर्ण फेरी मराठीत केली. आदल्या रात्री मी शब्द लिहून काढायला बसले आणि लक्षात आलं, फार लिहावे लागतच नाहीत. वखार, गलबत, चोपडी, रहाट, बोळ, कोठार, खारवणं. हे सगळे शब्द माझ्याकडे होतेच. जर्मनमध्ये मी ते सात महिने घोकले होते.

फेरी कोठारांपाशी संपते. सगळे फोटो काढायला पुढे गेले. आई मागे राहिली. भिंतीला अगदी नाक लावून ती खालच्या विटा बघत होती. मी जवळ गेले तर तिनं नखानं विटेवरून पांढरी पूड खरवडली आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"लोणा लागलाय गं याला."

त्या सहा कोठारांपुढे मी किती वेळा उभी राहिले होते. कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं. पुढे गेलेल्यांना मी हाक मारून परत बोलावलं.